'थांबा'मधला बा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत एक शब्द असा होता, की तो कानावर पडला की हातातलं काम असेल तिथे टाकायचं. का, कशाला, आत्ताच का, हे सगळं नंतर. शब्द तसा साधाच, 'थांबा'. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की वीज बंद करतात आणि वरच्या मशिनखोलीत एक जण एका हातानं ब्रेकची दांडी दाबून धरतो, दुसऱ्या हातानं मोठं लोखंडी चाक फिरवतो. लिफ्ट बोटाबोटानं सरकते. दुसरा माणूस खाली, लिफ्टच्या टपावर उभा असतो. चाकावरच्याला खालचं काही दिसत नाही. दोर ज्या भोकांतून खाली जातात त्या भोकांतून आवाज तेवढा वर येतो. 'थांबा' ऐकलं की त्यानं दांडी सोडायची. दांडी सुटली की चाक पकडलं जातं, आणि खालच्याचा जीव त्या पकडीवर असतो.

कधीकाळी तिथे एक जुने मिस्त्री होते, त्यांनी दंडक घालून दिला होता. धाकट्यानं थोरल्याला सांगायचं तरी 'थांबा' आणि थोरल्यानं धाकट्याला सांगायचं तरी 'थांबा'च. हा काही मानपानाचा मामला नव्हता. नुसतं 'थांब' म्हटलं तर आवाज त्या उभ्या अंधारात विरून जातो. 'थांबा'मधला 'बा' लांबवता येतो आणि तो वरपर्यंत पोचतो. मिस्त्री गेले, त्यांच्या वेळचे मालकही गेले, पण तो 'बा' राहिला.

त्या 'बा'वर सगळ्यांत इमानानं थांबणारा माणूस म्हणजे ओळंबा. खरं तर ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. लिफ्टचे रूळ सरळ उभे आहेत की नाही ते त्यानं बघतात. पण ह्या माणसाला सगळेच ओळंबा म्हणायचे, कारण तो वागायला सरळ होता आणि दिवसभर त्या वजनासारखाच गप्प लोंबकळत असायचा. हजेरीच्या वेळी 'हं' आणि जाताना 'येतो', एवढ्यावर त्याचा दिवस निभावून जाई.

घरी त्याची बायको दोघांच्या वाटणीचं बोलायची. घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. "जगाला वर चढवता आणि बायकोला जिन्यानं पळवता," हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. ओळंबा कामावर कधी एक पाना विसरला नाही, पण घरातून निघताना रोज काहीतरी विसरे. तो दोन पायऱ्या उतरला की वरून हाक यायची, "थांबा! डबा राहिला." कधी किल्ली, कधी चष्मा. हाक आली की हा एक पाय हवेत ठेवून खिळल्यासारखा उभा राही. ती डबा हातात देताना पोट धरून हसायची. "अहो, पाय तरी टेका खाली," म्हणायची.

एके दिवशी तिला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय अर्धेमुर्धे परत आले. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. त्या सगळ्या पडझडीत एकच शब्द शाबूत राहिला, आणि तो होता 'थांबा'.

पाणी हवं असलं तरी थांबा. नको असलं तरी थांबा. पाठ दुखतेय, पंखा लावा, ही कोण आली, सगळ्याला थांबा. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एखादाच शब्द उरतो आणि तोच सगळीकडे येतो, तिच्या मनात वेगळं असतं पण तोंडातून तेच निघतं. हे ओळंब्याला समजलं, पण त्याच्या हातांना कोण समजावणार? तो तिला भरवायला बसे, चमचा ओठांशी नेई, ती "थांबा" म्हणे आणि चमचा हवेत थांबे. तिला भूक लागलेली असे. ती चिडून पुन्हा "थांबा!" म्हणे, म्हणजे हा आणखीच घट्ट थांबे. कुशीवर वळवताना अर्ध्यात थांबे. केस विंचरताना फणी केसांतच थांबे. उभा जन्म त्या शब्दावर थांबण्यात गेलेला माणूस, दुसरं काय करणार! शेवटी ती डाव्या हातानं त्याच्या छातीवर मारायची आणि रडायची. तोही मान खाली घालून बसायचा.

सांभाळायला त्याची थोरली बहीण येऊन राहिली. नणंद-भावजयीचं कधी पटलं नव्हतं. भांडी कशी लावावीत इथपासून पलंग कुठे असावा इथपर्यंत दोघींनी वाद घातलेले. आता ताई भांडी मुद्दाम उलटी लावून ठेवी आणि भावजयीच्या तोंडाकडे बघत बसे. "एकदा तरी भांड गं माझ्याशी," असं म्हणून एका दुपारी तिनं पदराला डोळे पुसले. तिकडून उत्तर आलं, "थांबा."

त्याच सुमारास कंपनीत शिकण्याची टूम निघाली. झालं होतं असं, की तरुण मेकॅनिक टिकत नव्हते. नदीपलीकडच्या मोठ्या कंपनीत पगार जास्त, गणवेश झकपक. इथे वर्षभर हात काळे करायचे, काम शिकायचं आणि तिकडे पळायचं. धाकट्या मालकांना पगाराची बरोबरी जमणार नव्हती. मग त्यांनी आणि भरतीवाल्या मॅडमनी डोकं लढवून 'शिकता तास' काढला. दर गुरुवारी दुपारनंतर ज्याला जे शिकायचं ते त्यानं शिकावं, पगार चालू, फी कंपनीची. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलं, 'आमच्याकडे या, शिकत राहा.'

आणि माणसं खरंच आली. कुणी वेल्डिंगला नाव घातलं, कुणी परकी भाषा धरली, एक धिप्पाड गडी गिटार शिकायला लागला आणि त्याची यथेच्छ टिंगल झाली. एक मुलगी तर मोठ्या कंपनीचं बोलावणं नाकारून आली. तिला लिफ्टच्या कंट्रोल पॅनेलचे नकाशे काढायला शिकायचं होतं आणि तो वर्ग परवडत नव्हता. कपाळावर सदानकदा दिवा बांधलेला, जेवतानासुद्धा, म्हणून तिचं नाव पडलं बॅटरी. ती ओळंब्याच्या जोडीला दिली गेली.

ओळंबा सगळ्यांत शेवटी मॅडमसमोर जाऊन उभा राहिला.

"बोला काका, काय शिकायचंय?"

"इस्पितळात वर्ग असतो," तो म्हणाला. "वाचा गेलेल्या माणसांचा. घरच्यांनी बरोबर बसायचं असतं. गुरुवारी दुपारी असतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. योजना कामाला उपयोगी पडणाऱ्या शिक्षणासाठी होती, निदान मालकांना तसं सांगितलं होतं. गिटारच मुळात कशीबशी 'ताणतणाव व्यवस्थापन' म्हणून दामटली होती. त्यांनी ओळंब्याकडे पाहिलं, पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "संवादकौशल्य म्हणून घालते."

झालं! दुपारपर्यंत कंपनीभर बातमी. ओळंबा आणि संवादकौशल्य! गिटारवाल्याची पीडा टळली आणि हसू ओळंब्याच्या वाट्याला आलं. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तर संवादकौशल्य लागलं असतं.

गुरुवारी तो आणि रखवालदार मिळून तिला खुर्चीत बसवून चार मजले खाली आणायचे. इस्पितळातल्या त्या खोलीत सहा-सात जोड्या बसलेल्या असत. शिकवणाऱ्या बाईंना सगळे स्पीचवाल्या बाई म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी ओळंब्याचा हवेत थांबलेला हात पाहिला.

"तुम्ही शब्दावर जाताय," त्या म्हणाल्या. "शब्द तिच्या हातात नाही. चाल तिची आहे. चाल ऐका."

"चाल?"

"गाण्याची असते तशी. वर जाते का, खाली येते का, तुटते का. मशिनचा आवाज ऐकत असाल ना? शब्द असतात का त्याला?"

हे ओळंब्याला पटलं. बेअरिंग कोरडं पडलंय हे त्याला बंद दारामागून कळायचं. तो घरी डोळे मिटून ऐकायला लागला. शेवट वर गेला तर तिला काहीतरी हवंय. आखूड आणि सपाट आला तर नकोय. आधी चढून मग घसरला, की ती वैतागलेली असते, चाललंय ते नीट करा, थांबू नका, असं सांगत असते. हात मात्र ऐकेनात. तेव्हा बाईंनी त्याच्याकडून सराव करून घेतला. ती 'थांबा' म्हणेल आणि तरी ह्यानं चमचा पुढे न्यायचा, पुन्हा पुन्हा. घाम फुटायचा त्याला. पण एका संध्याकाळी चढून घसरलेला 'थांबा' आला आणि त्याचा हात न अडखळता पुढे गेला. तिनं घास घेतला, चावला, आणि त्याच्याकडे पाहून हसली. आजारपणानंतरचं तिचं ते पहिलं हसू.

त्यानंतर तो बोलायलाही लागला, कारण बाई म्हणाल्या होत्या की तिच्या कानावर बोलणं पडत राहिलं पाहिजे. कामावरच्या गोष्टी सांगे. अडकलेल्या लिफ्टमध्ये एकमेकांशी अबोला धरलेले दोन शेजारी कसे सापडले, बॅटरी जेवताना दिवा कसा काढत नाही. ताई स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायची. वर्गात बाई तिच्याकडून दार उघडून 'या' आणि दार ढकलून 'जा' म्हणवून घ्यायचा प्रयत्न करत. तिचे ओठ जुळायचे, जीभ हलायची, आणि बाहेर पडायचं तेच. पण आता तिला रडू येत नसे. आपलं ऐकलं जातंय हे तिला कळलं होतं. ओळंब्याला मनापासून वाटायला लागलं की ती बोलेल. त्याला दुसरं काही नको होतं.

आणि मग ती सकाळ आली. एका जुन्या इमारतीची लिफ्ट मध्येच अडकली होती. बॅटरी टपावर उतरली, रूळ धरणाऱ्या पट्ट्या हातानं चाचपत होती. ओळंबा वर चाकावर. खालून तिचा आवाज येत होता, "घ्या… घ्या… हळू घ्या…" तेवढ्यात तिच्या कपाळावरचा दिवा घसरला. ती वैतागली, आणि त्याच वेळी तिचा हातमोजा पट्टीत ओढला गेला.

"थांबा!"

आवाज चढला आणि घसरला. ओळंब्यानं तो स्वच्छ ऐकला. आणि त्याचा हात, त्या चाकावर आयुष्यभर इमानानं थांबलेला हात, न अडखळता पुढे गेला.

चाक वीतभरच फिरलं असेल. मग खालून आली ती किंकाळी.

डाव्या हाताची दोन बोटं चेंगरली. एक जुळून आलं. दुसरं पुन्हा पूर्ण वाकणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं.

चौकशीला तपासनीस आले तेव्हा धाकटे मालक त्यांच्या शेजारी उभे होते. मालक वाईट नव्हते, घाबरलेले होते. "ब्रेक जुना आहे हो," ते ओळंब्याकडे बघत म्हणाले. "घसरतो कधीकधी. घसरला ना काका?"

एवढी वाट मोकळी करून दिलेली. दुसरा कुणी निमूट चालला असता. ओळंबा म्हणाला, "ब्रेक ठणठणीत आहे. ती थांबा म्हणाली, मी ऐकलं, आणि मी थांबलो नाही."

"का?" तपासनीसांनी विचारलं.

त्यानं चमच्याचं सांगितलं. इतकं मोठं तो कंपनीत कधी बोलला नव्हता. कुणी हसलं नाही.

त्याला चाकावरून काढून कोठारात बसवलं. धाकटे मालक मॅडमवर उखडले. "माणसं यावीत म्हणून शिकवायला काढलं, तर आहेत त्यांचीच बोटं जायला लागली! बंद करा तो तास." पण त्यांनी बंद करण्याआधीच ओळंब्यानं आपल्यापुरता तो बंद केला. तो गुरुवारी इस्पितळात गेला नाही, आणि पुढच्या आठवड्यापासून कोठारातही जायचा थांबला. ताई तरी रोज सकाळी त्याचा डबा भरून ठेवी. खुर्ची तशीच दाराशी पडून राहिली. बायको गुरुवारी दुपारी त्या खुर्चीकडे बघून म्हणायची, "थांबा?" शेवट वर गेलेला. त्याला चाल कळत होती. तो तोंड फिरवून बसायचा. गोष्टी सांगणंही सुटलं. भरवताना हात पुन्हा हवेत थांबायला लागला, आणि ह्या वेळी तो मुद्दाम थांबवत होता.

"तिची काय चूक रे?" ताईनं एकदा विचारलं.

"पोरीची तरी काय होती?" तो म्हणाला.

एके सकाळी दार वाजलं. बॅटरी. हाताला पट्टी, कपाळावर दिवा. चार मजले चढून दम लागलेला. ताईनं तिला पाणी दिलं. ती पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली, ओळंब्याच्या बायकोला मान झुकवून "काकू" म्हणाली, आणि ह्याच्याकडे वळली.

"मी माफ केलं असं समजू नका काका. बोट अजून ठणकतंय. रात्री जाग येते."

त्यानं मान हलवली.

"पण मी ह्या कंपनीत शिकायलाच आले. तास बंद झाला तर मी कशाला राहू? मालकांना हेच सांगितलं. म्हटलं, शिकणं कशाला बंद करताय, शब्द बंद करा. घरोघरी म्हणतात तो शब्द कामावर ठेवायचाच कशाला? सोमवारी बाकीचे लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरून ओरडत होते आणि मी वर चाकापाशी ऐकत होते. 'बास' पोचत नाही. 'धरा' म्हटलं की जो तो हातातलं सामान धरतो. शेवटी 'रोखा' ठरला. शेवटी 'आ' आहे, लांबतो. आणि घरात कुठली बायको नवऱ्याला 'रोखा' म्हणत नाही."

ताईला हसू फुटलं आणि तिनं ते पदरात दाबलं.

"मालक हो म्हणाले. तास चालू राहणार. पण एक अट घातली त्यांनी. पहिला 'रोखा' मी खालून म्हणायचा आणि चाकावर तुम्ही असायचं. तुम्ही थांबलात, तरच."

"ही अट मालकांची?" ओळंब्यानं विचारलं.

बॅटरीनं दिवा सरळ केला. "नाही. माझी. मला पुन्हा टपावर उतरायची भीती वाटते काका. दुसऱ्या कुणाला चाकावर ठेवून ती जायची नाही."

ओळंब्यानं आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "नको. माझ्या हातांवर माझाच भरवसा नाही. दुसरा कुणी बघा."

पलंगावरून आवाज आला, "थांबा." चढून घसरलेला. त्यानं ऐकलं आणि तो हलला नाही. तिनं डावा हात पलंगावर आपटला. तोंड उघडलं, ओठ जुळत आले, "था…" आणि तिनं स्वतःच मान झटकून तो शब्द मागे ढकलला. पुन्हा तोंड उघडलं. मानेच्या शिरा तटतटल्या. ताई पुढे व्हायला निघाली, बॅटरीनं तिचा हात धरला.

"ज…" ती म्हणाली. मग डाव्या हातानं दार ढकलल्यासारखं केलं, जसं वर्गात करायची. "जा."

ओळंबा जागच्या जागी खिळला. ताई भिंतीला टेकून तोंडावर पदर धरून उभी राहिली.

"जा," ती पुन्हा म्हणाली. ह्या खेपेला तिला शब्द शोधावा लागला नाही, आणि त्यात जुना ठसका होता, उशीर होतोय, बसलाय काय असे, हा.

तो उठला. सदरा चढवला, कुठल्या काजात कुठलं बटण गेलं कुणास ठाऊक. चपला पायात सरकवल्या. तिच्याजवळ गेला, काही बोलायचं होतं, सगळं शिकलेलं संवादकौशल्य त्या क्षणी दगा देऊन गेलं. तिच्या कपाळावर हात ठेवला आणि बाहेर पडला. बॅटरी पुढे झाली. दोघं जिना उतरायला लागले. त्याला धड पायऱ्या दिसत नव्हत्या.

पहिलं वळण आलं असेल-नसेल, तोच वरून, उघड्या दारातून, जिन्याच्या पोकळीतून हाक आली.

"थांबा!"

'बा' लांब ओढलेला. तळमजल्यापर्यंत पोचला असता. ओळंबा एक पाय हवेत ठेवून उभा राहिला. चाल ऐकायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

ताई कठड्यावरून वाकली. ती रडत होती आणि हसत होती, आणि तिच्या हातात डबा होता.